क्रेनशॉबाईंचं पुढचं दार

१

सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री. टोलिव्हर गावच्या खालच्या, काळ्यांच्या आळीत घड्याळ फारसं कुणाकडे नव्हतं, पण ऑझेला प्रुइटच्या अंगणातून धूर निघाला की सोमवार उजाडला हे शेंबड्या पोरालाही कळे. अंगणात मोठं काळं लोखंडी पातेलं, खाली पाइनच्या ढलप्यांचा जाळ, पाण्यात राख नि डुकराच्या चरबीचा घरी केलेला साबण. वरच्या गावातल्या गोऱ्यांच्या चादरी, अभ्रे, सदरे त्यात रटरटत असत. ऑझेला दांडक्यानं ते ढवळी, उचलून फळीवर घासी, निळीच्या पाण्यातून काढून दोरीवर टाकी. हेच तिच्या आईनं केलं होतं, आणि आजीनंही. फरक इतकाच की आजीला त्याची मजुरी मिळत नसे.

त्या सालात अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियात, सगळंच बसलं होतं. कापसाला कुणी विचारीना. वरच्या गावातल्या ज्या बायकांनी जन्मात रुमाल पिळला नव्हता, त्या बाह्या सरसावून आपलं धुणं आपण करू लागल्या. ऑझेलाची एकेक घरं सुटत गेली. रोजची मक्याची भाकरी होती, तिच्यावरची काकवी गेली. मग ताकही पातळ झालं.

घरात दोघीच. आई गेली तेव्हा टेम्पी पाळण्यात होती आणि ऑझेला नुकती पोरवयातून बाहेर पडत होती. तिनंच त्या पोरीला न्हाऊमाखू घातलं, खोकला आला की मांडीवर घेऊन बसली, स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. टेम्पीवर तिचा जीव होता. पण जीव लावणं आणि जळणं एकाच चुलीवर शिजतं, हे ज्यानं भावंडं वाढवली आहेत त्याला सांगायला नको. टेम्पी दिसायला गोड, आवाजानं गोड, तिच्या वेण्यासुद्धा हाताला मऊ लागत. चर्चमध्ये गाणं तिनं म्हणायचं, तिथली बाकं झाडायला ऑझेलानं जायचं. बर्फवाला लूशियस गाडी घेऊन आळीत आला की आधी विचारी, "टेम्पी कुठाय?" आणि मग ऑझेलाला म्हणे, "राम राम" म्हणावं तसं, "काय ऑझेला, ठीक?" त्या लूशियसला ऑझेलानं मनात कुठं बसवलं होतं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. त्यालाही नाही.

२

एका सोमवारी टेम्पी पळतच अंगणात आली.

"काम लागलं, सिस."

बहिणीला ती सिस म्हणायची.

"कुणाकडे?"

"वर, मॅग्नोलियाच्या झाडांच्या रस्त्याला. क्रेनशॉबाईंकडे. मिस ऑगस्टा."

ऑझेलाच्या हातातलं दांडकं थांबलं. "मी गेले होते तिकडे. मागच्या दाराशी ठोकत ठोकत ऊन डोक्यावर आलं. कुणी ओ दिली नाही."

"मी कुठं गेले होते मागे? मी रस्त्यानं चालले होते. आतून हाक आली. या, म्हणाल्या, आत या."

"कुठून आत?"

"पुढून."

ऑझेला हसली. मग तिनं टेम्पीच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू थांबलं.

टोलिव्हरमध्ये काळं माणूस गोऱ्याच्या घरात पुढच्या दारानं जात नसे. हा कायदा कुणी लिहिलेला नव्हता, म्हणून तो कुणाला बदलताही येत नव्हता. ह्याच क्रेनशॉंच्या घरी एक स्वयंपाकीण जन्मभर राबली, त्यांची तीन पिढ्यांची पोरं तिनं वाढवली, आणि ती चुलीपुढंच मेली तेव्हा तिचं प्रेतसुद्धा मागच्या पायऱ्यांवरून उतरवलं.

"तुला कुणी पाहिलं नाही ना?"

"सगळ्यांनी पाहिलं असेल. कुणी काही म्हटलं नाही."

"काय काम सांगितलं?"

टेम्पी जरा घुटमळली. "बसायचं. जेवणाच्या टेबलाशी. त्या एकट्याच असतात ना."

"आणि स्वयंपाक?"

"मी गेले तेव्हा झालेला होता."

"कोण करतं?"

"विचारलं नाही, सिस. कोंबडी होती. चिनी मातीची ताटं, काठाला सोनेरी रेघ. मला मिस टेम्पी म्हणाल्या."

ऑझेलानं जाळात एक ढलपी सारली. वरच्या गावात तिला सगळे आंटी म्हणत. त्यात मान काही नव्हता, नाव ध्यानात ठेवायची तसदी नको म्हणून आंटी.

"दिसायला कशा आहेत तुझ्या त्या मिस ऑगस्टा?"

"खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. माझ्या डोळ्यांवर उजेड येत होता. नीट दिसल्या नाहीत."

"म्हातारी भ्रमिष्ट झाली असेल," ऑझेला म्हणाली. "तुला गोरी समजत असेल. डोळे गेले असतील मेलीचे."

"असेल," टेम्पी म्हणाली. त्या दिवशी घरी भाकरी होती, उकडलेली रताळी होती. टेम्पी म्हणाली, भूक नाही. ऑझेलानं दोन्ही वाटे खाल्ले आणि तरी तिच्या पोटात खड्डा तसाच राहिला.

३

पुढल्या आठवड्यात टेम्पीनं क्रेनशॉंच्या घरचं गाठोडं आणलं. टेबलावरची पांढरी कापडं, हातपुसणी, सगळं जाड तागाचं, जुन्या काळचं. ऑझेलाला बरं वाटलं. निदान धुणं तरी मिळालं. तिनं गाठ सोडली, आणि सवयीनं कापड नाकाशी नेलं.

धुणारी बाई कापड आधी डोळ्यांनी पाहत नाही, नाकानं पाहते. जजसाहेबांच्या सदऱ्यांना चिरुटांचा आणि घामाचा वास. दवाखानेवाल्यांच्या चादरींना कापराचा. पाद्र्याच्या बायकोच्या उशीला रडल्याचा वास येतो, खारट, असं ऑझेला कधीमधी म्हणायची, आणि आळीतल्या बाया हसायच्या. ह्या कापडाला कसलाच वास नव्हता. चरबीचा नाही, साबणाचा नाही, कपाटात ठेवलेल्या लव्हेंडरचा नाही, माणसाचा नाही. जुन्या तागाला निदान तागाचा तरी असावा. तिनं दुसरं हुंगलं, तिसरं हुंगलं. नाक चोंदलं असेल म्हणून जाळावरून जाणारा धूर घेतला, तो झोंबला.

डागही नव्हता. ज्या टेबलावर कोंबडी नि तिच्या रसाची वाटी जाते तिथल्या हातपुसण्यावर एक पिवळा ठिपका नसावा?

म्हातारी स्वच्छ असेल, ऑझेलानं स्वतःला सांगितलं. पैसेवाल्यांना दिवसातून दोनदा कापडं बदलायची खोड असते. आणि मिळतंय ते धुवावं, चौकशा कशाला. असं म्हणत म्हणत तिनं ती कापडं पातेल्यात टाकली. उकळी आली. एरवी धुण्याचं पाणी गढूळ होतं, वर मळाचा फेस येतो. हे पाणी विहिरीतून काढावं तसं नितळ राहिलं.

दुपारी तिनं घरचे कपडे काढले. टेम्पीचा निळ्या फुलांचा झगा हातात आला. पोरीच्या अंगाचा वास तिला पाळण्यापासून पाठ होता, दुधाचा, मग धुळीचा, मग घामाचा नि केसांना लावायच्या तेलाचा. आंधळी झाली असती तरी तिनं तो शंभर बायांतून ओळखला असता.

झग्याला काही नव्हतं.

ऑझेला तो नाकाशी धरून अंगणात कितीतरी वेळ उभी राहिली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय गं, बहिणीच्या कपड्यांची पण नजर काढतेस का?" ऑझेलानं झगा पातेल्यात टाकला. तिला वाटलं, साहेबिणीच्या घरचा साबण मिळत असेल. टेम्पी तिथंच आंघोळ करत असेल, पांढऱ्या टबात, गरम पाण्यात. आणि असं वाटल्याबरोबर भीतीची जागा त्या जुन्या दुखण्यानं घेतली. ते दुखणं ओळखीचं होतं, म्हणून तिला बरंच वाटलं.

४

लूशियसनं गाडी थांबवली आणि ह्या खेपेला टेम्पी कुठाय असं विचारलं नाही. खाली उतरला, टोपी काढली, ती हातात फिरवत राहिला.

"ऑझेला, एक सांगू? हसशील."

"हसण्यासारखं असलं तर हसेन. फुकट मिळतं तेवढंच आहे."

"काल बाजारच्या रस्त्याला मी फरसबंदीवरून चाललो होतो. समोरून कोणी बाई आली. तुला माहीत आहे, गोरी बाई समोरून आली की आपण खाली गटाराच्या कडेला उतरायचं. उतरलो. टोपी काढली. मान खाली घातली. ती बाजूनं गेली तेव्हा पाहिलं, तर टेम्पी."

ऑझेला हसली नाही.

"उन्हात दिसलं नसेल तुला."

"दिसलं म्हणजे काय? दहा हातांवरनं दिसली होती. तिचा झगा ओळखला मी. रंग तोच, चाल तीच. मी 'टेम्पी' म्हणणार होतो, तोंड उघडलं होतं. आणि पाय आपोआप खाली उतरले. माझे पाय, ऑझेला. मला विचारल्याशिवाय."

"ती काय म्हणाली?"

"बघितलंच नाही तिनं. कोणी बघत नाही तसं." त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. "आणि माझ्यामागून तो पेढीवाला गोरा येत होता. तोही उतरला बघ खाली. मग उभा राहून आपल्या बुटांकडे बघत बसला, हे चिखलात कसे गेले म्हणून."

घोड्यानं शेपटी झटकली. बर्फाचं पाणी गाडीतून धुळीत ठिबकत होतं.

"त्या घरी बर्फ टाकतोस तू?" ऑझेलानं विचारलं.

"क्रेनशॉंकडे? कधीच नाही. बर्फ हवा म्हणून खिडकीत पाटी लावतात, ती तिथं लागलीच नाही, किती वर्षं झाली. मला वाटलं होतं घर रिकामंच आहे." मग तो हळूच म्हणाला, "तिला म्हणावं, सोड ते काम."

तो टेम्पीच्या काळजीनं बोलत होता. त्याचे डोळे ओले होते. ऑझेलानं ते पाहिलं, आणि जे ऐकायचं ते न ऐकता तेवढंच पाहिलं.

"तूच सांग की तिला," ती म्हणाली. "तुझं ऐकेल."

५

टेम्पी आली तेव्हा ऑझेला इस्त्री करत होती. चुलीवर लोखंडी इस्त्र्या तापत ठेवलेल्या, खोली भट्टीसारखी. टेम्पी दारातच उभी राहिली. एरवी ती आली की आधी पाण्याच्या बादलीशी जायची, घटाघट पाणी प्यायची. ह्या खोलीत तिला घाम आला नव्हता.

"हात बघू," ऑझेला म्हणाली.

टेम्पीनं हात पुढं केले. ऑझेलाचे हात साबणानं खाल्लेले, सांध्यांशी चिरलेले, नखं वाकडी. टेम्पीचे असे की जणू लोणी. आधी ऑझेला नुसती जळली. मग तिनं तळवे उलटले. माणसाच्या तळव्यावर रेघा असतात, तान्ह्या बाळाच्यासुद्धा असतात. तिनं अंगठा फिरवला. बोटांची पेरं गुळगुळीत होती, अंड्यासारखी.

"हे काय गं?"

"काम नाही ना हाताला," टेम्पी म्हणाली. आवाज तिचाच, पण जरा लांबून आल्यासारखा. मग तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "सिस, त्या तुझी चौकशी करतात."

"कोण?"

"मिस ऑगस्टा. म्हणतात, तुम्हाला एक मोठी बहीण आहे ना, मिस ऑझेला. टेबलाशी अजून जागा आहे, म्हणतात. त्यांना घेऊन या."

मिस ऑझेला. तिनं इस्त्री चुलीवर ठेवली. ह्या जन्मात ते दोन शब्द तिनं एकामागून एक ऐकले नव्हते.

"मग? कधी जायचं?"

"नाही," टेम्पी म्हणाली. "तू येऊ नकोस."

"का?"

टेम्पीनं तोंड उघडलं. काहीतरी सांगायचं होतं तिला. ओठ हलले, पण शब्द आला नाही, आत कुणी धरून ठेवल्यासारखा. शेवटी एवढंच आलं, "तुझ्यासाठी नाही ते."

झालं. ऑझेलाला दुसरं काही ऐकू आलं नाही. पाळण्यापासूनचं सगळं एकदम वर आलं.

"माझ्यासाठी काय आहे मग? हे पातेलं? ही चूल? तुझं गू-मूत मी काढलं टेम्पी, आणि सोनेरी ताटात जेवायची वेळ आली तेव्हा तुझ्यासाठी नाही म्हणतेस? बोलावणं मला आलंय, आणि वाटेत तू उभी?"

"सिस—"

"जा. तिथंच जेवतेस, तिथंच न्हातेस, झोपायला तरी इथं कशाला येतेस? तिथंच रहा जा."

टेम्पीनं तिच्याकडे असं पाहिलं की पुढं ऑझेलाला ते दिसत राहिलं. राग नव्हता. निरोप घ्यावा तसं होतं. ती वळली आणि उन्हात चालती झाली. ऑझेला दारात गेली नाही. तिनं इस्त्री उचलली. सदऱ्याच्या पाठीवर ती जरा जास्त वेळ टेकली, आणि जजसाहेबांच्या कापडावर तपकिरी डाग उमटला.

६

टेम्पी त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रविवारी चर्चमध्ये तिची जागा रिकामी राहिली, गाणं दुसरीनं म्हटलं. आळीतल्या बाया म्हणाल्या, भांडली असेल, येईल. लूशियस एक फेरी चुकवून वरच्या रस्त्याला जाऊन आला, आणि म्हणाला की फाटकाशी पोचलो आणि तिथून पाय परतच फिरले.

मग ऑझेला धुतलेला झगा घालून कोर्टाच्या इमारतीत गेली, मागच्या जिन्यानं. पोलिसपाटलासारखा जो डेप्युटी होता तो पाय टेबलावर ठेवून शेंगा सोलत होता.

"काय गं आंटी?"

"माझी बहीण घरी आली नाही, साहेब. टेम्पी प्रुइट. क्रेनशॉबाईंकडे कामाला होती."

"मिस ऑगस्टांकडे?" तो हसला. "त्या कुणाला कामाला ठेवत नाहीत. त्या कुणाला भेटतही नाहीत."

"आपण पाहिलंय त्यांना, साहेब? एवढ्यात?"

शेंगेचं टरफल त्याच्या बोटांत राहिलं. तो आठवत होता. आठवता आठवता त्याचा चेहरा जरा उतरला, आणि मग गोऱ्या माणसाचा येतो तसा तो रागानं भरून आला.

"तुझी बहीण शिकागोला गेली. तुमची माणसं कामधंद्यासाठी सारखी शिकागोला जातात. सकाळी असतात, संध्याकाळी नसतात. गेल्या साली ती लॉटी गेली, ती धुणंवाल्याची सून. त्याच्या आदल्या साली ती लंगडी स्वयंपाकीण. मी काय प्रत्येकीला हुडकत शिकागोला जाऊ?"

"तिचे रविवारचे बूट घरी आहेत, साहेब. अंगावरच्या झग्यावर कोण शिकागोला जाईल?"

"आंटी," तो म्हणाला, "मोठ्या लोकांच्या घराचं नाव घेऊन गावात फिरू नकोस. घरी जा."

ऑझेला मागच्या जिन्यानं उतरली. बाहेर ऊन रखरखीत होतं. लॉटी गाणारी होती, तिला आठवलं. लॉटीच्या सासूनं सांगितलं होतं, सुनेला चांगलं काम लागलं होतं कुठंसं वर. कुठं, ते सासूनं विचारलं नव्हतं. काळ्या बाईला चांगलं काम लागलं म्हटल्यावर विचारतं कोण? दृष्ट लागेल म्हणून सांगणारीही सांगत नाही, आणि ऐकणारीच्या पोटात दुखतं म्हणून ती ऐकत नाही.

७

मॅग्नोलियाचा रस्ता भर दुपारी रिकामा होता. झाडावर एकही पाखरू बोलत नव्हतं. क्रेनशॉंचं घर रस्त्यापासून आत, खांबांच्या ओसरीचं, पांढरं. अंगणातलं गवत कापलेलं होतं. कोण कापतं, असा विचार ऑझेलाच्या मनात आला आणि तिनं तो पुढं जाऊ दिला नाही.

पुढचं दार उघडं होतं. सताड.

फाटकातून दारापर्यंत विटांची पायवाट जात होती, आणि तिथंच एक बारीक वाट फुटून घराला वळसा घालून मागं जात होती. ऑझेलाचे पाय त्या बारीक वाटेकडे वळले. तिनं ते आवरले. आयुष्यात पहिल्यांदा ती विटांवरून चालली. प्रत्येक विटेला तिला वाटत होतं, मागून कुणीतरी हटकेल. आणि वाटत होतं, हटकू नये. मी मिस ऑझेला आहे. मला बोलावलं आहे.

ती ओसरीवर चढली. आत कुठंतरी काटेचमचे वाजत होते, हळू, सगळे एका तालात. उघड्या दारातून बैठक दिसत होती, तिच्या पलीकडे जेवणाची खोली. लांब टेबल, पांढरं कापड, तेच कापड. उजेड इतका की डोळे बारीक करावे लागले. टेबलाशी बाया बसल्या होत्या, दाराकडे पाठ करून, ताठ. काटेचमचे वाजत होते, पण कुणी हलत नव्हतं. एकीच्या मानेवर भाजल्याचा जुना डाग होता, केसांच्या मुळाशी. लॉटीच्या मानेवर लहानपणी चुलीवरचं पाणी सांडलं होतं.

एक खुर्ची बाहेर ओढलेली, रिकामी. तिच्यापुढं पान मांडलेलं. सोनेरी रेघेचं ताट, पेला, घडी घातलेलं हातपुसणं. पेल्यात ताक होतं, घट्ट, पांढरंशुभ्र. ऑझेलाच्या तोंडाला पाणी सुटलं. सगळी भीती असताना सुटलं.

तेवढ्यात टेम्पी दारात आली. कुठून आली ते कळलं नाही. दार रिकामं होतं आणि मग ती होती. अंगावर पांढरा झगा. तिनं दोन्ही हात चौकटीला लावले, असे की मधून मांजर जाऊ नये.

"टेम्पी. चल घरी."

टेम्पीच्या खांद्यावर एक हात होता. म्हाताऱ्या गोऱ्या बाईचा, निळ्या शिरांचा, बोटात अंगठी. ऑझेलानं टेम्पीच्या मागं पाहिलं, कुणाचा म्हणून. मागं कुणी नव्हतं. मिस ऑगस्टा तिकडे, टेबलाच्या पार टोकाला, खिडकीकडे पाठ करून बसली होती. उजेडात तिचं तोंड दिसत नव्हतं. हात मात्र तिथून निघून इथवर आला होता.

"कोण आलंय, मिस टेम्पी?" आवाज मधाळ होता.

टेम्पीनं बहिणीकडे पाहिलं. तिच्या हाताची बोटं चौकटीत रुतत होती.

"कोणी नाही, मॅम," ती म्हणाली, मोठ्यानं, वरच्या गावातल्या बायका बोलतात तशी. "धुणंवाली आहे."

"टेम्पी, मला बोलावलंय. मी—"

"मागं जा, आंटी. इतकी म्हातारी झालीस, तुला तुझं दार कळत नाही? मागच्या दारानं ये."

आणि ऑझेलाचे पाय उतरले. ती खरं म्हणजे ओरडणार होती, टेम्पीचा हात धरून ओढणार होती. हात पुढं गेलाही होता. पण तो शब्द तिच्या बहिणीच्या तोंडून त्या आवाजात आला आणि पायांनी तिला विचारलंच नाही. ओसरीच्या पायऱ्या, विटा, मग ती बारीक वाट. मागं दार लागल्याचा आवाज आला.

घराच्या मागं पायऱ्या होत्या. वर दार होतं, त्यावर फळ्या आडव्या ठोकलेल्या, खिळे गंजलेले, फळ्यांवरून वेल चढून जून झालेला. हे दार कित्येक वर्षांत उघडलं नव्हतं. ऑझेलानं मुठी आपटल्या. फळ्यांत नखं घातली. टेम्पी, टेम्पी म्हणून हाका मारल्या, आणि शेजारच्या घरांतून कुणीही डोकावलं नाही. काळी बाई मागच्या दाराशी उभी आहे, त्यात पाहायचं काय?

शेवटी ती पायरीवर बसली, फळ्यांना कान लावून. आत काटेचमचे थांबले होते. एक खुर्ची टेबलाखाली सरकवल्याचा आवाज आला. मग ताट उचललं गेलं. मग पेला. कुणीतरी सावकाश, न सांडता, एक पान उचलत होतं.

ऑझेलाला कळलं ते पान कुणाचं होतं. टेम्पीनं दारात काय केलं, आणि तिला तसं बोलायला किती जड गेलं असेल, तेही कळलं. पण त्याच्याही आधी, एवढासा आधी, तिच्या छातीत जे उठलं ते भय नव्हतं की रडू नव्हतं.

माझ्यासाठी मांडलं होतं, तिला वाटलं. आणि हिनं मला बसू दिलं नाही.